नेमबाजीचा हंगाम : कोटा, कसोटी आणि पदक

दिनांक १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. हेलसिंकी येथे १९५२ साली खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक मिळविल्यानंतर, तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचा मान लाभला. या यशाचे कौतुक गावोगावी झाले. परंतु ज्या दीर्घ हंगामातून हे पदक साकार झाले, त्याची रचना समजल्यावाचून या यशाचे खरे मोल ध्यानी येणार नाही.

कोटा देशाचा, खेळाडूचा नव्हे

ऑलिंपिकमध्ये प्रत्येक देशाला हवे तितके नेमबाज पाठविता येत नाहीत. जागतिक अजिंक्यपद, खंडीय स्पर्धा इत्यादींमधून सहभागाच्या जागा, म्हणजेच ‘कोटा’, मिळवाव्या लागतात. कुसळे याने ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवून अशी एक जागा भारताला मिळवून दिली. पॅरिस ऑलिंपिकला त्या वेळी पावणेदोन वर्षांचा अवधी होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अशी जागा देशाच्या नावे जमा होते. ती मिळविणाऱ्या खेळाडूचा तीवर हक्क राहतोच असे नाही. भारतीय संघ निवडण्यासाठी एप्रिल व मे २०२४ मध्ये दिल्ली आणि भोपाळ येथे चार निवड चाचण्या घेण्यात आल्या. कोटा मिळविणाऱ्यांनाही त्यांत पुन्हा उतरावे लागले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथेच १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता ठरला होता आणि त्याने देशाला कोटाही मिळवून दिला होता. पण चाचण्यांअंती त्याला पॅरिसच्या संघात स्थान मिळाले नाही. अखिल शेरॉन याने २०२३ साली बाकू येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदकासह थ्री पोझिशनची जागा मिळविली होती; त्याच्याही वाट्याला हेच आले. जुने यश मोठे, की आजचा नेम अचूक, हा प्रश्न कठोर आहे. आजचा नेम पाहावा, असे या पद्धतीचे उत्तर आहे. कुसळे मात्र या कसोटीस उतरला.

दशांशाचा खेळ

थ्री पोझिशन प्रकारात नेमबाज गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरतो. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत २० याप्रमाणे ६० गोळ्या झाडावयाच्या असतात. ५० मीटर अंतरावरील लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे वर्तुळ असते. त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर असतो. श्वासाची लय किंचित चुकली तरी गोळी वर्तुळाबाहेर जाते. तिन्हींत उभी स्थिती सर्वांत अवघड, कारण तेथे बंदुकीचा सारा भार उभ्या शरीरानेच तोलावा लागतो.

कुसळे याने पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण मिळविले आणि सातव्या क्रमांकाने आठ जणांच्या अंतिम फेरीत प्रवेश केला. अंतिम फेरीत पूर्वीचे गुण धरले जात नाहीत. सर्वांचा प्रारंभ शून्यापासून होतो. प्रत्येक गोळीचे गुण दशांशात मोजले जातात आणि एका गोळीस जास्तीत जास्त १०.९ गुण मिळू शकतात. गुडघ्यावरील स्थितीअखेर तो सहाव्या स्थानी होता. पालथ्या स्थितीनंतर पाचव्या. उभ्या स्थितीतील दहा गोळ्यांनंतर तळाचे दोघे बाद होतात आणि पुढे प्रत्येक गोळीगणिक एकेक स्पर्धक गळतो. या गळतीतून तरून कुसळे ४५१.४ गुणांसह तिसरा आला. चीनचा लिऊ युकुन सुवर्णपदकाचा, तर युक्रेनचा सर्हिय कुलिश रौप्यपदकाचा मानकरी ठरला.

याच स्पर्धेत अर्जुन बबुता १० मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला. तिसरा आणि चौथा क्रमांक यांतील अंतर गुणांत थोडे असते. खेळाडूच्या आयुष्यात ते फार मोठे ठरते.

घडणीची पंधरा वर्षे

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे कुसळे याचे गाव. वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. २००९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, वडिलांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल केले. तेथे प्रारंभीच्या शारीरिक प्रशिक्षणानंतर त्याने नेमबाजी हा खेळ निवडला. २०१५ पासून मध्य रेल्वेतील नोकरीने त्याला आर्थिक स्थैर्य दिले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केलेल्या दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. प्रबोधिनीतील प्रवेशापासून पदकापर्यंत पंधरा वर्षे गेली. घराने दाखविलेला विश्वास, शासकीय संस्थेतील शिक्षण, सार्वजनिक सेवेतील नोकरी आणि अनुभवी प्रशिक्षकाचा हात, यांपैकी एकही दुवा निखळला असता तर ही वाटचाल किती अवघड झाली असती, याची कल्पना करता येते.

हंगामाची सांगता

ऑलिंपिकनंतरही हंगाम संपला नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग नेमबाजी केंद्रावर विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. कोल्हापूरच्या सोनम मस्कर हिने तेथे १० मीटर एअर रायफलमध्ये रौप्यपदक मिळविले. आणि ज्या अखिल शेरॉनला पॅरिसचे दार बंद झाले होते, त्याने थ्री पोझिशनमध्येच कांस्यपदक पटकाविले.

निवड हुकलेल्या खेळाडूला दुसरी संधी मिळते. पण त्यासाठी तो मैदानावर टिकून राहावा लागतो. शाळेत किंवा गावात एखादे मूल खेळात पुढे येऊ पाहत असेल, तर पहिल्या अपयशानंतर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांचे काम नेमके तेथेच सुरू होते.