भाषेच्या तासाची शिस्त

वर्ग चिडीचूप असला म्हणजे शिक्षण उत्तम चालले आहे, अशी आपली जुनी समजूत आहे. भाषेच्या तासाला ती लागू पडत नाही. पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही, तशी बोलल्यावाचून भाषा येत नाही. आणि जेथे एकटे गुरुजीच बोलतात, तेथे भाषेचा सराव गुरुजींनाच होतो. म्हणून भाषाशिक्षकापुढचा खरा प्रश्न मुलांना गप्प कसे बसवावे हा नसून, सर्वांना बोलते करूनही वर्गाचा बाजार कसा होऊ देऊ नये, हा आहे.

प्रथम साधा हिशेब मांडू. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे किमान एक शिक्षक असे प्रमाण घातले आहे. तास 35 मिनिटांचा धरला आणि एकेकाने उठून बोलायचे ठरवले, तर शिक्षक सबंध तास गप्प राहूनही प्रत्येकाच्या वाट्याला 1 मिनिट येते. तीच मुले शेजाऱ्याशी जोडी करून 6 मिनिटे बोलली, तर जोडीतल्या प्रत्येकाला 3 मिनिटे मिळतात आणि बराचसा तास शिल्लक उरतो.

गलबला टाळण्यासाठी तीन गोष्टी आधी सांगाव्यात: काय बोलायचे, किती वेळ बोलायचे आणि थांबण्याची खूण कोणती. "बाजाराविषयी बोला" एवढ्याने गोंधळ होतो. "एकाने भाजी विकावी, दुसऱ्याने घासाघीस करावी, मग पाळी बदलावी," असे सांगितले की जिभेला काम मिळते. थांबण्याची खूण म्हणून वर केलेला हात पुरे. ओरडून गप्प करणारा शिक्षक कलकलाटात आपलीच भर घालतो.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला, तर बाकीची 34 मुले मोकळी सुटतात. आधी प्रश्न, मग विराम, मग नाव, असा क्रम ठेवावा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांविषयी दाखवून दिले की, शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तो विराम 3 सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरे लांबली आणि निरुत्तर राहणारी मुले कमी झाली. जेकब कुनिन यांनीही 1970 च्या आपल्या ग्रंथात असेच व्यवहाराचे मर्म सांगितले: खोडी झाल्यावर रागावण्याच्या तऱ्हेपेक्षा, सगळ्या वर्गावर नजर असणे आणि कामात खंड न पडणे यानेच वर्ग सावरतो.

परंतु खरी कसोटी वेगळीच आहे. अहिराणी बोलणाऱ्या घरातले मूल धीर करून म्हणते, "मी घर जास," आणि वर्ग हसतो. त्या हसण्यात शिक्षक सामील झाला, तर ते मूल वर्षभर तोंड मिटून बसेल. उलट त्याने सहज म्हणावे, "हो का, तू घरी जातोस! कोणाबरोबर?" प्रमाण रूप कानी पडते, संवाद तुटत नाही, आणि घरची बोली हीन ठरत नाही. शिस्त हवी ती येथे, दुबळ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत सबळाने ऐकण्याची.

पालकांनाही यात वाटा उचलता येईल. "आज काय लिहून दिले?" असे विचारण्याऐवजी, "आज वर्गात तू काय बोललास?" असे विचारून पाहावे.