फोन सामाईक, पिन नाही
गटाचा स्मार्टफोन एकच, हात मात्र दहा. मग बँकेचा ओटीपी कुणाकुणाला दिसतो? गटाच्या पेटीची किल्ली ठरलेल्या ताईकडेच असते, तसंच फोनचंही ठेवूया. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘युजर्स’ असतं. मुख्य खातं हिशेब पाहणाऱ्या ताईचं ठेवा, बाकीच्यांना वेगळी खाती द्या. प्रत्येकीचे फोटो आणि अ‍ॅपमधली माहिती वेगळी राहते. पण त्या खात्यांना कॉल-एसएमएसची परवानगी दिलीत, तर ओटीपी त्यांनाही दिसेल; ती बंदच ठेवा. फोनमधली जागा, बॅटरी, नेटपॅक मात्र सगळ्यांचं एकच. म्हणून मोठे व्हिडिओ कधी काढून टाकायचे, ते आम्ही बैठकीतच ठरवतो. पदाधिकारी बदलल्या, की त्याच दिवशी पिनही बदला.