ऐपत फेडते, पत थांबायला लावते

मराठीत ऐपत आणि पत असे दोन शब्द आहेत, आणि बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरून मोकळे होतो. ऐपत म्हणजे पैसे देण्याची ताकद. पत म्हणजे हा माणूस ठरल्या वेळी पैसे देईल, असा दुसऱ्याला वाटणारा भरवसा. बोरिवलीतलं किंवा मुलुंडमधलं एखादं कुटुंब दागिने मोडून थकलेलं कर्ज एकरकमी फेडतं, सुटकेचा श्वास टाकतं, आणि पुढच्या महिन्यात सिबिल स्कोअर पाहतं तर आकडा जेमतेम हललेला असतो. सगळे पैसे भरले तरी बँक आपल्याला बुडवा समजते, असं वाटून माणूस खचतो. पण एकरकमी पैसे भरून सिद्ध झाली ती ऐपत. ३०० ते ९०० मधला तो आकडा पत मोजतो, आणि ती महिन्यामागून महिना ठरत असते. म्हणून कर्ज फिटल्यावरचं काम दोनच गोष्टींचं आहे : आपली नोंद तपासून ती बरोबर करून घेणं, आणि मग छोट्या, बिनचूक व्यवहारांवर वेळ जाऊ देणं. यातलं पहिलं काम बहुतेक जण करतच नाहीत.

कर्जदारांच्या या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्या आपल्याकडे २००५च्या कायद्याखाली काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. घटतो तो एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने. अहवालात आधी पाहायचा तो खात्यापुढचा शेरा. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लागतं. वसुलीवाल्याशी तडजोड करून काही रक्कम माफ करून घेतली असेल, तर ‘सेटल्ड’ लागतं, आणि पुढचा बँकवाला त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच घेतो. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरून, बँकेकडून ना-हरकत दाखला घेऊन हा शेरा बदलून घेता येतो. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते; हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे ‘नोंद व्हायला दोन-तीन महिने लागतात’ हे उत्तर ऐकून परत येऊ नये. आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीशिवाय या कंपन्यांना नोंद बदलता येत नाही. म्हणजे पैसे घेऊन स्कोअर ‘साफ’ करून देतो म्हणणारा जे विकतो, ते त्याच्या हातात नसतंच.

नोंद नीट झाली की खरा प्रश्न येतो : बँक कर्ज देत नाही, मग वेळेवर फेडून दाखवायचं तरी काय? उपनगरातला मराठी माणूस इथे पतपेढीकडे वळतो. तिथे जामीनदार घेऊन कर्ज मिळतं आणि ते प्रामाणिकपणे फिटतंही. पण बहुतेक पतपेढ्यांचे हप्ते या अहवालात उमटत नाहीत. भिशीचा तर प्रश्नच नाही. वर्षानुवर्षांची सचोटी अशी नोंदीबाहेर राहते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अधिक उपयोगी मार्ग म्हणजे बँकेत थोडी मुदतठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेणं, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच खर्च करणं आणि पूर्ण बिल मुदतीआधी भरणं. किमान रक्कम भरून भागवू नये, कारण उरलेल्यावर जबर व्याज चढतं. सिबिलच्या अहवालात प्रत्येक खात्याचा ३६ महिन्यांपर्यंतचा हप्त्यांचा इतिहास दिसतो. नव्या, स्वच्छ महिन्यांची रांग वाढत जाते तसं जुन्या थकबाकीचं वजन उतरतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. शिक्षा भोगलेला कैदीही सुटतो, मग कर्ज फेडलेल्याच्या मागे नोंद वर्षानुवर्षं का? पण नोंदच नसेल तर बँकेपुढे दोनच वाटा उरतात : सगळ्यांवर चढं व्याज लावणं किंवा फक्त ओळखीच्यांना कर्ज देणं, आणि दोन्हींत मार बसतो तो वशिला नसलेल्यालाच. नोंद ठेवण्याला माझा विरोध नाही. मात्र नोंदीला हप्ता चुकण्यामागचं कारण दिसत नाही, हे खरं आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला भांडुपमध्ये मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खात्यातून आधी फक्त १,००० रुपये काढता येतील असं ठरलं. ज्याचा पगार याच बँकेत येत होता आणि घराचा हप्ता दुसरीकडे जायचा होता, त्याच्यापुढे काय उरलं असेल? त्याचे पैसे होते, नियत होती, तरीही चुकलेला हप्ता आकड्यात एखाद्या बेफिकीर माणसाच्या हप्त्यासारखाच दिसणार. किमान स्कोअर रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँक आपली रेषा आपण आखते. तेव्हा असं कारण असेल तर कर्जाच्या अर्जासोबत ते कागदपत्रांसह लेखी द्यावं, आणि बँकांनीही ते वाचावं. नोंदीच्या तक्रारीला दाद मिळाली नाही, तर १ सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्यांविरुद्धही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.