काशीतील ‘क्रूझ’ : लग्नाच्या वाढदिवसासाठी नौका निवडताना

वाराणसी : लग्नाचा पंचविसावा किंवा पन्नासावा वाढदिवस काशीत, गंगेच्या पात्रात साजरा करण्याची इच्छा अनेक मराठी कुटुंबांत व्यक्त होते. आई-वडिलांसाठी मुले परस्पर आरक्षण करतात आणि ‘क्रूझ’ या एका शब्दावर विसंबून पैसे भरतात. वाराणसीत मात्र हा एकच शब्द अनेक वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एका टोकाला एक्कावन्न दिवसांची आलिशान सफर आहे, तर दुसऱ्या टोकाला दीड-दोन तासांचे घाटदर्शन. त्यामुळे नौका कोणती हे ठरवण्यापूर्वी त्या दिवशी दाम्पत्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवणे आवश्यक ठरते.

एक शब्द, अनेक प्रकार

मुंबई-गोवा सागरी मार्गावर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही नौका सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात क्रूझ म्हटले की रात्रीचा मुक्काम, भोजनकक्ष आणि करमणुकीचे कार्यक्रम डोळ्यांसमोर येतात. वाराणसीतील बहुतेक क्रूझवर मुक्कामाची सोयच नसते.

पहिला प्रकार दीर्घ नदीसफरीचा. ‘एमव्ही गंगा विलास’ या नौकेला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 13 जानेवारी 2023 रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे वाराणसीतून हिरवा झेंडा दाखवला. सुमारे 3,200 किलोमीटरचा प्रवास करून, बांगलादेशमार्गे ती 28 फेब्रुवारी रोजी आसाममधील दिब्रुगडला पोहोचली. तीन मजली नौकेवर 18 सूट असून 36 पर्यटकांची सोय आहे. पहिल्या सफरीत स्वित्झर्लंडचे 32 पर्यटक होते. भोजन शाकाहारी राहील आणि मद्य दिले जाणार नाही, असे तेव्हा संचालकांनी स्पष्ट केले होते. अशा सफरींचे लहान टप्पेही आखले जातात. परंतु त्यांचा खर्च आणि कालावधी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या एका दिवसाच्या सोहळ्याच्या हिशेबात बसत नाही.

दुसरा प्रकार घाटदर्शनाच्या सामायिक क्रूझचा. ‘अलकनंदा’ ही वातानुकूलित नौका 2018 मध्ये सुरू झाली. 15 जुलै 2021 रोजी पंतप्रधानांनी गंगेतील पर्यटनासाठी रो-रो नौकासेवेचे उद्घाटन केले. कोचीन शिपयार्डने बांधलेली, हायड्रोजन इंधन घटावर चालणारी 50 प्रवाशांची नौकाही आता या ताफ्यात आली आहे. अशा नौकांवर प्रत्येक प्रवाशामागे तिकीट असते, वेळ ठरलेली असते आणि सोबत अनोळखी प्रवासी असतात.

तिसरा प्रकार ‘बजडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुमजली लाकडी नौकेचा. ती संपूर्ण भाड्याने मिळते. दहा-वीस नातेवाइकांसह पूजा, फराळ आणि छायाचित्रण करायचे असल्यास ती सोयीची ठरते. चौथा प्रकार साध्या मोटरबोटीचा किंवा वल्ह्याच्या नावेचा. फक्त दोघांनाच निवांत वेळ हवा असेल, तर वल्ह्याची नाव हा सर्वांत शांत आणि बहुधा सर्वांत स्वस्त पर्याय असतो.

ऋतू आणि मुहूर्त

सफर होईल की नाही, याचा पहिला निर्णय नदी घेते. जुलै ते सप्टेंबर या काळात गंगेची पातळी वाढते आणि घाटांना एकमेकांशी जोडणाऱ्या पायऱ्या पाण्याखाली जातात. मोठा पूर आला की प्रशासन नौकावहनावर बंदी घालते आणि दशाश्वमेध घाटावरील आरतीदेखील इमारतीच्या गच्चीवर हलवावी लागते.

मराठी विवाहांच्या दिनक्रमाशी हा काळ ताडून पाहिला, तर एक गोष्ट लक्षात येते. चातुर्मासात परंपरेने विवाह होत नसल्याने पुराच्या काळात येणारे लग्नाचे वाढदिवस तुलनेने कमी असतात. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा विवाहांचा हंगाम वाराणसीतील सुखद हवामानाशी जुळतो. अडचण येते ती वैशाखातील, म्हणजे एप्रिल-मेमधील वाढदिवसांची. या दिवसांत येथील तापमान अनेकदा 40 अंशांच्या वर जाते. त्यामुळे सूर्योदयाची फेरी किंवा वातानुकूलित नौका हेच दोन पर्याय व्यवहार्य उरतात. डिसेंबर-जानेवारीत उलट दाट धुक्यामुळे पहाटेची फेरी लांबणीवर पडू शकते.

कार्तिक पौर्णिमेला येणाऱ्या देवदीपावलीला घाटांवर असंख्य दिवे उजळतात. मात्र त्या संध्याकाळी नौकांचे भाडे अनेक पटींनी वाढते आणि पात्रात गर्दी होते. निवांतपणा हवा असलेल्या दाम्पत्याने तो दिवस टाळलेला बरा.

सकाळ की सायंकाळ

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. घाट पश्चिम तीरावर असल्याने त्यांचे तोंड पूर्वेला आहे. समोरचा तीर बराचसा मोकळा आणि वाळूचा आहे. त्यामुळे उगवत्या सूर्याचा प्रकाश थेट घाटांवर पडतो. घाट पाहायचे आणि छायाचित्रे काढायची असतील, तर सकाळची फेरी घ्यावी. सायंकाळी सूर्य शहरामागे मावळतो आणि घाट सावलीत जातात. त्या वेळचे आकर्षण आरतीचे असते.

आरतीसाठी मोठी क्रूझ घेणाऱ्यांची अनेकदा निराशा होते. दशाश्वमेध घाटासमोर छोट्या नावा एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि मोठ्या नौकेला त्यांच्या मागे, दूर थांबावे लागते. आरती जवळून पाहायची असेल तर लहान नाव किंवा घाटावरची बैठक अधिक उपयोगी ठरते. बसण्याची सोय, स्वच्छतागृह आणि गर्दीपासून अंतर महत्त्वाचे असेल तर मोठी नौका योग्य. या सोयी आणि आरतीचे जवळून दर्शन हे दोन्ही एकाच तिकिटात सहसा मिळत नाही, हे आरक्षणापूर्वीच मान्य केलेले चांगले.

नौकेतून दिसणारा महाराष्ट्र

घाटदर्शनाचा मार्ग साधारणतः दक्षिणेकडील अस्सी किंवा रविदास घाटापासून उत्तरेकडील नमो घाटापर्यंतचा असतो. मराठी दाम्पत्यासाठी या मार्गावर ओळखीच्या अनेक खुणा आहेत. अस्सीजवळील भदैनी भागात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थळ स्मारक आहे. पुढे अमृतराव पेशव्यांशी जोडला गेलेला राजा घाट लागतो. दशाश्वमेधच्या अलीकडे अहिल्याबाई घाट आहे. काशी विश्वनाथाचे सध्याचे मंदिर 18व्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकर यांनी उभारले. मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे घाट आणि नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट दिसतो. त्यापलीकडे पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा हे घाट असून या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. संत एकनाथांनी आपले भागवत 1573 मध्ये काशीतच पूर्ण केले.

अनेक सामायिक क्रूझवरील ध्वनिफितीत किंवा मार्गदर्शकाच्या निवेदनात हा तपशील येतोच असे नाही. तो ऐकायचा असेल तर स्वतंत्र नाव घेऊन, माहितगार सोबत ठेवून, हव्या त्या घाटासमोर थांबणे हा मार्ग उरतो. सर्व घाट पाहायचे असल्यास फेरी दोन्ही टोकांपर्यंत जाते की अर्ध्यावरून परतते, हेही विचारून घ्यावे.

स्मशानघाटाचा प्रश्न

या मार्गावर हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका हे दोन स्मशानघाट आहेत. तेथे चिता जळत असतात आणि पूर्ण घाटदर्शनाची कोणतीही फेरी त्यांच्यासमोरून जाते. मंगल दिवशी हे दृश्य नको, असे वाटणारी कुटुंबे आहेत. काशीच्या श्रद्धेत मरणही मंगल मानले जाते, ही दुसरी बाजू. यातील कोणती भूमिका घ्यायची हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे. मात्र ज्यांचा वाढदिवस आहे त्या दोघांना याची पूर्वकल्पना असायला हवी. आश्चर्याचा धक्का देण्याच्या उत्साहात मुलांकडून नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते. नको असल्यास या दोन घाटांच्या मधल्या टप्प्यात, केदार ते दशाश्वमेध, खासगी नावेची छोटी फेरी आखता येते. स्मशानघाटासमोर संगीत बंद ठेवणे आणि छायाचित्रे न काढणे हा येथील संकेत आहे.

पायऱ्या आणि सुरक्षितता

सुवर्णमहोत्सवी दाम्पत्याचे वय बहुधा सत्तरीच्या पुढचे असते. त्यांच्यासाठी नौकेच्या दर्जापेक्षा नौकेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग महत्त्वाचा. जुन्या घाटांच्या पायऱ्या उंच आणि असमान आहेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की उतरायच्या पायऱ्या आणखी वाढतात. पुरानंतर काही आठवडे गाळामुळे त्या निसरड्या राहतात. रविदास घाट आणि उतरंडीचे मार्ग असलेला नमो घाट येथे वाहन बरेच जवळ नेता येते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी याच ठिकाणांहून सुटणारी नौका निवडावी.

सुरक्षिततेचा मुद्दा औपचारिक नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर जीवनरक्षक जॅकेटचा प्रश्न देशभर चर्चेत आला. अंतर्देशीय जहाज अधिनियम, 2021 नुसार यांत्रिक नौकांची नोंदणी आणि तपासणी आवश्यक आहे. प्रवाशाने नोंदणी क्रमांक, मान्य प्रवासीसंख्या आणि प्रत्येकासाठी जॅकेट आहे का, एवढे तरी पाहावे. छायाचित्र चांगले यावे म्हणून जॅकेट काढून ठेवू नये.

नाविकांचा वाटा

गंगेतील नौकावहन पिढ्यान्‌पिढ्या निषाद समाजाच्या हाती राहिले आहे. मोठ्या क्रूझ आल्या तेव्हा आपला रोजगार जाईल, ही भीती या समाजाने उघडपणे व्यक्त केली होती. दरम्यान अनेक मोटरबोटी डिझेलवरून सीएनजीवर आल्या असून नमो घाटावर तरंगते सीएनजी केंद्र आहे. त्यामुळे धूर आणि आवाज टाळण्यासाठी मोठीच नौका घ्यावी लागते, असे आता राहिलेले नाही. थेट नाविकाशी ठरवताना दर, वेळ, थांबे आणि परतीचा घाट आधी स्पष्ट केल्यास वाद टळतो. महापालिकेचा परवाना असलेल्या नाविकाकडून घेतलेली फेरी स्थानिक कुटुंबाच्या उत्पन्नात थेट भर घालते, ही बाबही निवडीत विचारात घेण्यासारखी आहे.

नौकेवर सजावट करताना फुगे, चमकी आणि प्लास्टिक टाळणे अगत्याचे. फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आणि थर्मोकोलची सजावट यांसह एकदा वापरायच्या अनेक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. पानांच्या द्रोणातील दिवा आणि थोडी फुले एवढ्याने प्रसंग साजरा होतो.

निर्णयाचा क्रम

आधी तारीख आणि ऋतू पाहावा, मग सकाळ किंवा सायंकाळ ठरवावी, त्यानंतर चढण्या-उतरण्याचा घाट निश्चित करावा, स्मशानघाटांबाबत दोघांचे मत घ्यावे आणि शेवटी नौकेचा प्रकार व दर याकडे वळावे. बहुतेक कुटुंबे हा क्रम उलटा लावतात. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ असे म्हणत ज्यांनी हा प्रवास वर्षानुवर्षे लांबणीवर टाकला, त्यांच्यासाठी ही फेरी बहुधा एकदाच घडते. म्हणून नौका निवडण्याआधी एक प्रश्न त्या दोघांनाच विचारावा : गंगेच्या पात्रात तुम्हाला सर्वांच्या सोबत बसायचे आहे, की थोडा वेळ फक्त दोघांनी?