शिपायाची बंदूक, शिकाऱ्याचा दस्ता

कोकणात मामांच्या घरी माजघरातल्या कपाटात एक रायफल असे. डुकरांपासून भात राखण्यासाठी रीतसर परवान्यावर घेतलेली, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेली, .315 बोअरची. पुष्कळ वर्षांनी वाचताना कळले, की तिचा पिंड शिपायाचा होता. रचना ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्डची. काडतूस तेवढे निराळे. लष्कराचे .303 काडतूस नागरिकाच्या बंदुकीत चालू नये, हा त्यामागचा हिशेब. लष्करी रायफलीची शिकारी रायफल कशी होते, या प्रश्नाने मला तेव्हापासून धरून ठेवले आहे.

हा उद्योग बहरला तो अमेरिकेत. दोन महायुद्धांनंतर तिथे जुन्या लष्करी रायफली स्वस्तात मिळू लागल्या. घेणाऱ्याला त्यांतली एकच गोष्ट हवी असे : ॲक्शन. काडतूस नळीत सरकवणारी, स्फोटाच्या वेळी मागचे दार घट्ट बंद ठेवणारी आणि रिकामे टरफल बाहेर फेकणारी यंत्रणा. जर्मनीच्या पॉल माउझरने 1898 मध्ये तिला जे रूप दिले, ते आजही आदर्श मानतात. बोल्टच्या तोंडाशी दोन भक्कम कान, मागे तिसरा राखीव, आणि काडतुसाची कड पकडून ठेवणारा लांब पोलादी पंजा. अमेरिकेची 1903 ची स्प्रिंगफिल्ड या रचनेच्या इतकी जवळची होती, की अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला स्वामित्वधन द्यावे लागले.

त्या ॲक्शनभोवती मग नवी बंदूक उभी राहते. शिपायाचा जाडजूड लाकडी दस्ता जातो. अक्रोडाच्या लाकडाचा सडपातळ दस्ता येतो. ॲक्शन त्यात केसभरही हलू नये म्हणून खोबणी हाताने कोरतात. दुर्बीण बसवण्यासाठी वर भोके पाडून आटे काढतात. बोल्टची मूठ आणि सुरक्षेची कळ दुर्बिणीला अडते, म्हणून तीही बदलतात. नळी नवी असेल तर बोल्ट आणि काडतूस यांच्यातले अंतर मापाने तपासावेच लागते. न्यूयॉर्कचे सीमोर ग्रिफिन मूळचे लाकूडकाम करणारे. स्प्रिंगफिल्डना दस्ते बसवता बसवता त्यांनी 1923 मध्ये जेम्स हाऊ यांच्याबरोबर ग्रिफिन अँड हाऊ ही पेढी काढली. हेमिंग्वेची शिकारी स्प्रिंगफिल्ड याच पेढीची.

पण या कामातला खरा प्रश्न पोलादाचा आहे. स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यात सुरुवातीची वर्षे तापलेल्या पोलादाचा रंग कारागीर नुसत्या डोळ्यांनी जोखत. ढगाळ दिवशी जो रंग योग्य वाटे, तोच लख्ख उन्हात फिका दिसे. मग पोलाद आणखी तापवले जाई. जास्त तापून काही ॲक्शन जळल्या आणि ठिसूळ झाल्या. वरून काहीच दिसत नसे. एखादे सदोष काडतूस फाटले, की चांगली ॲक्शन तग धरी. ही मात्र काचेसारखी फुटे. 1917 मध्ये असे अपघात पुढे आल्यावर तापमान मोजणारी यंत्रे आली आणि 1918 मध्ये पोलादाला पाणी देण्याची रीत बदलली. तेव्हापासून स्प्रिंगफिल्डचा 8,00,000 हा क्रमांक सीमारेषा ठरला. त्याखालच्या ॲक्शनवर नवी रायफल बांधू नये, असे जाणकार सांगतात. कोणती चांगली आणि कोणती जळकी, हे कारागिरालाही डोळ्यांनी ओळखता येत नाही.

म्हणजे अप्रतिम दस्ता, झळाळती नळी, आणि आत शंभर वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळी दुपारची चूक. हे सगळे शिकाऱ्याच्या गालाला टेकलेले.

आता काळाने आणखी एक उलटापालट केली आहे. एकेकाळी कवडीमोलाने विकत घेऊन कापलेल्या त्या लष्करी रायफली अस्सल रूपात असत्या, तर आज संग्राहकांनी पुष्कळ जास्त किंमत दिली असती. घासलेले शिक्के आणि पाडलेली भोके परत बुजत नाहीत. म्हणून हल्लीचे जाणते कारागीर आधीच कोणीतरी मोडतोड केलेली, पण पोलादाने निर्दोष असलेली ॲक्शन निवडतात. आधी क्रमांक वाचायचा, मग लाकूड निवडायचे.

मामा गेल्यावर ती रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली. तिच्या दस्त्याची तेल प्यायलेली झाक मला आठवते. क्रमांक मात्र मी कधी पाहिला नव्हता.