तक्रार केली म्हणून खटला

वाईट अनुभव चारचौघांत सांगितला म्हणून ग्राहकालाच कोर्टात खेचण्याचे प्रकार जगभर होत आहेत. अमेरिकेने त्याविरुद्ध कायदे केले. भारतात मात्र ग्राहकाला अजून न्यायालयांच्या निकालांवरच भिस्त ठेवावी लागते.

ऑगस्ट २०१५मध्ये मुंबईतल्या एका गृहप्रकल्पातल्या फ्लॅटधारकांनी बिल्डरविरुद्ध एक फलक लावला. सोसायटी स्थापन होत नाही, तक्रारींना दाद मिळत नाही, पाण्याचे हाल, लिफ्टचे हाल अशी गाऱ्हाणी त्यावर एकाखाली एक मांडलेली होती. शिवीगाळ नव्हती, फसवणुकीचा आरोपही नव्हता. तरीही ए. सुर्ती डेव्हलपर्स या बिल्डर कंपनीने बोरिवलीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे बदनामीची फौजदारी तक्रार दाखल केली आणि पुढच्या वर्षी हे रहिवासी आरोपी झाले. खटला रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयानेही नकार दिला. अखेर १७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. के. व्ही. विश्वनाथन आणि न्या. एन. कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. विक्रेत्याला आपल्या मालाची जाहिरात करण्याचा हक्क असेल, तर ग्राहकालाही त्या मालाबद्दलचं गाऱ्हाणं शांतपणे, संयत भाषेत मांडण्याचा हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

रहिवासी जिंकले, पण त्यासाठी जवळपास दहा वर्षं गेली.

फलकाची जागा आता मोबाइलने घेतली आहे. हॉटेल, दवाखाना, क्लास, बिल्डर, गाडीचं सर्व्हिस सेंटर, कुणाकडेही जाण्याआधी लोक गूगलवरचे स्टार आणि त्याखालचे अनुभव वाचतात. चार चांगल्या ओळींनी धंदा वाढतो, चार वाईट ओळींनी गिऱ्हाईक फिरतं. म्हणून काही व्यावसायिक वाईट ओळींचं उत्तर आपली सेवा सुधारून देण्याऐवजी वकिलाच्या नोटिशीने देतात. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. नोटीस पाठवणाराही त्याच शहाणपणावर विसंबून असतो. खटला जिंकण्याची त्याला गरजच नसते. समोरच्याने घाबरून मजकूर काढला की काम झालं.

भट्टीविना काढलेली थंडी

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका दांपत्याने भोगलं. २००८च्या नाताळात नवऱ्याने बायकोसाठी ‘क्लिअरगिअर’ या ऑनलाइन दुकानातून काही किरकोळ भेटवस्तू मागवल्या. वस्तू आल्याच नाहीत आणि व्यवहार रद्द झाला. कंपनीत फोन उचलायलाही कुणी नाही, अशी तक्रार बायकोने एका ग्राहक-तक्रारींच्या संकेतस्थळावर लिहिली. तीन वर्षं उलटल्यावर, २०१२मध्ये, कंपनीचा ईमेल आला : ७२ तासांत तक्रार काढा, नाहीतर ३,५०० डॉलर दंड भरा. कारण काय, तर कंपनीच्या अटींमध्ये ‘ग्राहकाने आमची निंदा करू नये’ असं एक कलम होतं.

दांपत्याने दंड भरला नाही. कंपनीने ती रक्कम थकीत कर्ज म्हणून पतनोंद ठेवणाऱ्या संस्थेला कळवली. अमेरिकेत पतनोंद बिघडली की गाडीच्या कर्जापासून घराच्या कर्जापर्यंत सगळंच अडतं. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये या घरातली उष्णता देणारी भट्टी बंद पडली आणि नव्या भट्टीसाठी त्यांना उधारी मिळेना. घरात लहान मूल होतं. त्याला पांघरुणांत गुंडाळून थंडी काढावी लागली. पुढे ‘पब्लिक सिटिझन’ ही ग्राहकहितासाठी लढणारी संस्था त्यांच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली. कंपनी हजरच झाली नाही. २०१४मध्ये न्यायालयाने दांपत्याला ३,०६,७५० डॉलर देण्याचा हुकूम दिला.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका हॉटेलचा नियम गाजला. तिथे लग्नाला आलेल्या पाहुण्याने वाईट अनुभव ऑनलाइन लिहिला, तर दर मजकुरामागे ५०० डॉलर दंड वधूवरांनी भरायचा! इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलच्या एका हॉटेलने तर वाईट लिहिणाऱ्या जोडप्याच्या कार्डावरून परस्पर १०० पौंड वळते करून घेतले. गवगवा झाल्यावर ते परत करावे लागले.

अशा प्रकरणांतून कायदा घडला. कॅलिफोर्नियाने २०१४मध्ये ग्राहकाचं तोंड बंद करणाऱ्या करारातल्या अटी बेकायदा ठरवल्या. डिसेंबर २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या सहीने देशभरासाठी ‘कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस ॲक्ट’ आला. छापील किंवा क्लिक करून मान्य करायच्या ठरावीक करारात ग्राहकाला अनुभव सांगायला बंदी करणारं किंवा त्याबद्दल दंड लावणारं कलम असेल, तर ते या कायद्याने रद्दबातल ठरतं.

पहिल्याच टप्प्यावर चाळणी

पण करारातलं कलम गेलं तरी बदनामीचा दावा उरतोच. टेक्सासमधल्या एका जोडप्याने २०१५मध्ये पाळीव प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कंपनीला एकच स्टार दिला. त्यांच्या तक्रारींतली एक अशी, की घरच्या माशाला जास्त खाऊ घातला आणि टाकीतलं पाणी गढूळ झालं. कंपनीने आधी काही हजार डॉलरचा दावा लावला, मग आकडा थेट १० लाख डॉलरपर्यंत नेला. ऑगस्ट २०१६मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. इतक्या लवकर निकाल लागला तो टेक्सासमधल्या एका खास कायद्यामुळे.

डेन्व्हर विद्यापीठातल्या जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कॅनन या दोन प्राध्यापकांनी १९८०च्या दशकात एक गोष्ट हेरली होती. अमेरिकेत बिल्डर, कंपन्या, अधिकारी असे ताकदवान लोक सामान्य नागरिकांवर असे दावे लावत, ज्यांत जिंकण्यापेक्षा समोरच्याला वकिलाच्या फीने आणि तारखांनी थकवणं हाच हेतू असे. अशा दाव्यांना त्यांनी ‘स्लॅप’ हे नाव दिलं. नाव रुळलं आणि अशा दाव्यांना अटकाव करणारे कायदेही आले. कॅलिफोर्नियाचा कायदा १९९२चा आहे. आज टेक्साससह तीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. त्यांची रीत साधारण सारखी असते. सार्वजनिक हिताच्या विषयावर बोलल्याबद्दल दावा झाला, तर प्रतिवादी सुरुवातीलाच तो काढून टाकण्याचा अर्ज करू शकतो. मग आपल्या दाव्यात दम आहे हे दाखवण्याची जबाबदारी दावा लावणाऱ्यावर येते. ते जमलं नाही तर दावा तिथेच संपतो आणि बहुतेक ठिकाणी प्रतिवादीच्या वकिलाचा खर्चही दावेदाराच्या माथी बसतो.

अशी चाळणी नसली की काय होतं, ते व्हर्जिनियात दिसलं. घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराने २०१२मध्ये एका गिऱ्हाइकावर साडेसात लाख डॉलरचा दावा लावला. २०१४मध्ये ज्युरीने निकाल दिला, की दोघांनीही एकमेकांची बदनामी केली आहे आणि कुणालाच भरपाई नाही.

थायलंडमध्ये २०२० साली त्याहून गंभीर प्रकार घडला. को चांग बेटावरच्या एका रिसॉर्टमध्ये बाहेरून आणलेल्या दारूच्या शुल्कावरून एका अमेरिकन पाहुण्याचा वाद झाला. त्याने ट्रिपॲडव्हायझर या प्रवासविषयक संकेतस्थळावर कडक शब्दांत टीका केली. तिथे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. पाहुण्याला अटक झाली, दोन रात्री त्याने कोठडीत काढल्या आणि माफी मागून प्रकरण मिटवलं. नंतर ट्रिपॲडव्हायझरने रिसॉर्टच्या पानावरच प्रवाशांना सावध करणारी सूचना लावली.

आपल्याकडचा कायदा

भारतातही बदनामी हा दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही प्रकारचा विषय आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमं ४९९ आणि ५०० आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आली आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेने त्यात समाजसेवेची भर घातली. माणसाप्रमाणे कंपनीचीही बदनामी होऊ शकते, असं कायदा सांगतो. हा गुन्हा फौजदारी ठेवणं घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर दिला.

ग्राहकाने इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. दिवाणी दाव्यात ‘मी लिहिलं ते खरं आहे’ हा बचाव पुरतो. फौजदारी खटल्यात ते खरं असून भागत नाही. ते लोकहितासाठी लिहिलं, हेही दाखवावं लागतं. दुसरी वाट नवव्या अपवादाची आहे. स्वतःच्या किंवा इतरांच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. बोरिवलीच्या प्रकरणातल्या रहिवाशांना याच अपवादाने तारलं.

ऑनलाइन टीकेबाबत आपल्या न्यायालयांचे निकाल हळूहळू घडत आहेत. ‘बिअर्डेड चोक्रा’ या यूट्यूब वाहिनीवर २०१८मध्ये पॅराशूट खोबरेल तेलावर टीका करणारा व्हिडिओ आला. तेल बनवणारी मुंबईची मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्या. शाहरुख काथावाला यांनी जानेवारी २०२०मध्ये व्हिडिओ काढण्याचा अंतरिम आदेश दिला. ज्याचं म्हणणं हजारो लोक ऐकतात, त्याची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा मोठी असते, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. अपिलात त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्याच वर्षी मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या व्हाइटहॅट ज्युनियर कंपनीने तिच्या जाहिरातींवर सातत्याने टीका करणाऱ्या एका अभियंत्यावर दिल्ली उच्च न्यायालयात २० कोटी रुपयांचा दावा लावला. २०२१मध्ये तो मागे घेतला.

नोटिशीनेच काम कसं होतं, हे २०२३च्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी पाहिलं. समाजमाध्यमांवर व्हिडिओ करणारे रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर केलेला व्हिडिओ प्रचंड पसरला होता. कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि त्यांनी माफी मागून व्हिडिओ काढला. मोठ्या कंपनीशी कोर्टात झुंजण्याइतकी ऐपत किती जणांकडे असते? प्रश्न मात्र दबला नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने दखल घेतली, त्याच वर्षी कंपनीने साखरेचं प्रमाण कमी केलं आणि २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या गटातून काढायला सांगितलं.

अलीकडचे दोन निकाल आशा देणारे आहेत. मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की पुरावा तपासण्याआधीच मजकूर काढायला लावणारे मनाई हुकूम सहज देऊ नयेत. त्या निकालात ‘स्लॅप’ दाव्यांचा उल्लेखही आहे. एप्रिल २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रोटीन पावडर कंपनीला तिच्या टीकाकारांविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम नाकारला. त्या टीकाकारांच्या हाती प्रयोगशाळेचे तपासणी अहवाल होते.

व्यावसायिकाची बाजू

प्रत्येक दावा तोंड दाबण्यासाठीच असतो, असं नाही. खोट्या तक्रारी लिहिल्या जातात, प्रतिस्पर्धी पैसे देऊन लिहवून घेतात आणि त्यात एखाद्या लहान दुकानदाराची कित्येक वर्षांची मेहनत बुडू शकते. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे का, हे तपासण्याच्या पद्धती त्यात आहेत. मात्र ते ऐच्छिक आहे.

शब्द जपून वापरायला हवेत, हेही खरं. लंडनमध्ये २०२१ साली एका ग्राहकाने वकिलांच्या फर्मला ट्रस्टपायलट या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर फसवेगिरी करणारी म्हटलं आणि आरोप सिद्ध न झाल्याने त्याच्यावर २५,००० पौंड भरपाईचा हुकूम निघाला. त्याने त्या फर्मला दिलेली फी होती २०० पौंड. उलट मिनेसोटा राज्यात, वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या वागणुकीबद्दल मुलाने ऑनलाइन तिखट लिहिलं, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये मुलाची बाजू उचलून धरली. एखादा माणूस कसा वाटला हे मत आहे, ते खरं-खोटं ठरवता येत नाही, हा त्यामागचा विचार होता.

यातून ग्राहकाने काय घ्यावं? घडलं ते तारखेसह लिहावं. बिल, चॅट, फोटो जपून ठेवावेत. ‘चोर’, ‘लुटारू’, ‘फसवणूक’ असे शब्द हातात पुरावा नसताना वापरू नयेत; ‘पैसे परत मिळाले नाहीत’, ‘तीन वेळा फोन केला, उत्तर आलं नाही’ ही वाक्यं जास्त भक्कम असतात. नोटीस आली तर घाबरून लगेच मजकूर काढू नये आणि रागाच्या भरात उत्तरही देऊ नये. ग्राहक संघटनेशी किंवा वकिलाशी बोलावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून या क्षेत्रात काम करते आहे.

ग्राहकाने एवढी काळजी घेतली तरी कायद्यातली पोकळी भरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये ‘अन्याय्य करार’ ही तरतूद आहे. ग्राहकावर अवाजवी अटी लादणाऱ्या कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. अनुभव सांगण्यावर बंदी घालणारी अट अशा करारातच मोडते, असं कायद्यात नावानिशी लिहिता येईल. त्याच्या जोडीला पहिल्या काही तारखांतच पोकळ दावे निकाली काढणारी आणि त्यांचा खर्च दावा लावणाऱ्याकडून वसूल करणारी तरतूद हवी. अमेरिकेतल्या राज्यांमागोमाग युरोपीय महासंघानेही २०२४मध्ये, सीमापार दाव्यांपुरता का होईना, असा निर्देश काढला आहे. आपल्या संसदेने तो नजरेखाली घालावा आणि फौजदारी बदनामीच्या कलमातून ग्राहकाच्या प्रामाणिक तक्रारीला स्पष्ट शब्दांत सूट द्यावी.