कोणत्या दारीं कान द्यावा ?

उल्हास नदीच्या कांठचें आमचें मोहने गांव कल्याणच्या पुढें, आंबिवली स्टेशनाजवळ आहे. तेथील एका लहानशा वाचनालयाचें काम मी निवृत्तीनंतर हौसेनें पाहतों. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं तेथील पुस्तकांची यादी संगणकावर चढविली आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्या संगणकावर वेब-सर्व्हर बसवून दिला. हेतु असा कीं, यादी त्या एका यंत्रांत असावी आणि शेजारच्या टेबलावरील यंत्रावरून किंवा खिशांतील मोबाइलवरूनहि वाचकांनीं ती चाळावी. काम झालें म्हणून आम्हीं पेढे वांटले. परंतु दुसऱ्याच दिवशीं असें दिसून आलें कीं, ज्या यंत्रावर सर्व्हर होता तेथें यादी सुरेख उघडे, आणि दोन हातांवरील टेबलावरून मात्र कांहीं केल्या उघडेना. तार नीट होती, वीज होती, सर्व्हरहि चालू होता. मग अडलें कोठें ? तें सांगण्यासाठींच आजचें हें भाषण आहे. कारण ती अडचण दूर करतांना माझ्या हातून जी चूक झाली, तिची किंमत दुसऱ्याच कोणास तरी मोजावी लागली.

सर्व्हर हा शब्द भारदस्त आहे, पण त्याचें काम साधें आहे. तो आपण होऊन कोणास हांक मारीत नाहीं. कोणी येऊन ‘अमुक पान द्या’ असें म्हणेपर्यंत तो कान देऊन बसतो, आणि मागणी आली म्हणजे तें पान पाठवितो. तेव्हां कान कोणत्या जागीं द्यावयाचा, हें त्यास आधीं सांगून ठेवावें लागतें. ही जागा दोन गोष्टींनीं ठरते : एक पत्ता आणि दुसरा पोर्ट.

टपालकचेरीचें उदाहरण घ्या. रस्ता आणि पेठ हा कचेरीचा पत्ता झाला. पण आंत गेल्यावर तिकिटें एका खिडकीवर, पार्सलें दुसऱ्या खिडकीवर आणि बचत खात्याचा व्यवहार तिसऱ्या खिडकीवर होतो. पोर्ट म्हणजे अशी खिडकी. संगणकाच्या एका पत्त्यावर १ पासून ६५५३५ पर्यंत क्रमांकांच्या खिडक्या असूं शकतात. वेब-पानांच्या देवघेवीसाठीं ८० हा क्रमांक १९९१ सालच्या मूळ नियमांतच सांगितलेला आहे. गुप्त लिपींत होणाऱ्या सुरक्षित देवघेवीसाठीं ४४३ हा क्रमांक पुढें रूढ झाला. म्हणूनच आपण एखाद्या संकेतस्थळाचें नांव लिहितों तेव्हां खिडकीचा क्रमांक लिहावा लागत नाहीं. ब्राउझर तो मनांतल्या मनांत धरून चालतो. सर्व्हर जर ८०८० सारख्या आडबाजूच्या खिडकीवर बसविला असेल, तर मात्र पत्त्यापुढें विसर्गासारखीं दोन टिंबें देऊन तो क्रमांक लिहावा लागतो.

आतां पत्त्याकडे वळूं. एका संगणकास एकच पत्ता असतो अशी समजूत असते; ती बरोबर नाहीं. जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. माजघरांतून स्वयंपाकघरांत जाण्याचें एक दार असतें. त्यांतून केवळ घरचींच माणसें जातात-येतात. दुसरें दार चौकांत उघडतें, तें वाड्यांतील सर्व बिऱ्हाडांचें. तिसरा दिंडी दरवाजा. त्याच्यापुढें सारा रस्ता. संगणकाचेंहि तसेंच आहे. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे माजघराचें दार. त्यावर आलेली हांक त्याच यंत्रांतून आलेली असते. बाहेरचा कोणीहि तेथें पोहोंचूं शकत नाहीं. १९२.१६८ या आंकड्यांनीं आरंभ होणारे पत्ते बहुधा चौकांतले असतात. एका घरांतील किंवा कचेरींतील यंत्रें त्यांवरून परस्परांशीं बोलतात. आणि सबंध जगास दिसणारा सार्वजनिक पत्ता ही दिंडी होय. याखेरीज ०.०.०.० अशीहि एक खूण आहे. तिचा अर्थ ‘या यंत्राचे जे जे पत्ते असतील त्या सर्वांवर कान दे’ असा होतो.

१९९५ पासून प्रचारांत असलेल्या अपाची नांवाच्या सर्व्हरमध्यें ही आज्ञा एका साध्या ओळीनें देतात. ओळीचा पहिला शब्द ‘लिसन’, म्हणजे ‘ऐक’. नुसतें ‘लिसन ८०’ असें लिहिलें तर सर्व्हर यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ८० क्रमांकाच्या खिडकीशीं बसतो. ‘लिसन १९२.१६८.१.५:८०’ असें लिहिलें तर त्या एकाच पत्त्यावर बसतो. दोन खिडक्या हव्या असतील तर दोन ओळी लिहाव्या. ओळ बदलल्यावर सर्व्हर एकदां थांबवून पुन्हां सुरू करावा, म्हणजे जुनें कांहीं शिल्लक राहत नाहीं.

येथें नवशिके तीन ठिकाणीं अडखळतात. पहिलें असें कीं, एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळें मांडण्यासाठीं ‘व्हर्च्युअल होस्ट’ नांवाचा विभाग लिहितात, आणि त्यांत खिडकीचा क्रमांक घातला कीं ती खिडकी आपोआप उघडेल असें समजतात. ती उघडत नाहीं. कोणत्या खिडकीवर कोणती पाटी लावावी एवढेंच तो विभाग सांगतो. खिडकी उघडते ती ‘लिसन’नेंच. दुसरें, एका पत्त्यावरील एका खिडकीशीं सामान्यतः एकच प्रोग्रॅम बसूं शकतो. तेथें आधींच कोणी बसलेला असेल तर ‘पत्ता वापरांत आहे’ अशी तक्रार करून सर्व्हर सुरूच होत नाहीं. तिसरें, युनिक्स वळणाच्या यंत्रांवर १०२४ च्या खालच्या खिडक्या उघडण्याचा अधिकार परंपरेनें मुख्य व्यवस्थापकाकडेच असतो. म्हणून अपाची त्या अधिकारानें खिडकी उघडतो आणि पुढील रोजचें काम कमी अधिकाराच्या हस्तकांवर सोंपवितो. कुलूप खजिनदारानें उघडावें आणि खिडकीशीं कारकुनानें बसावें, तशी ही शहाणपणाची व्यवस्था आहे.

आतां आमच्या वाचनालयाचें कोडें आपणांस उलगडलें असेल. माझ्या विद्यार्थ्यानें ‘लिसन १२७.०.०.१:८०८०’ असें लिहिलें होतें. सर्व्हर माजघरांत कान देऊन बसला होता आणि आम्ही चौकांतून हांका मारीत होतों. उपाय सोपा होता. त्या ओळींत चौकाचा पत्ता लिहावयाचा, एवढेंच.

परंतु विद्यार्थी कामानिमित्त परगांवीं होता, आणि मी घाई केली. पुढच्याच ओळींत ८०८१ क्रमांकाच्या खिडकीवर सभासदांची नोंदवही होती. ती चिटणिसांनीं त्याच यंत्रावर बसून पाहावयाची असल्यामुळें तिला परवलीचा शब्दहि नव्हता. मीं दोन्ही ओळींतून पत्ता पुसून टाकला आणि नुसते क्रमांक ठेवले. यादी चौकांत दिसूं लागली. सर्वांनीं माझें कौतुक केलें. त्या भरांत, सभासदांना घरूनहि यादी पाहतां यावी म्हणून राउटरमधून बाहेरची वाट मोकळी केली, तीहि एका खिडकीपुरती न करतां सबंध यंत्राकरितां.

आमच्या सभासदांत एक बाई होत्या. नांव नोंदवितांना त्यांनीं विनंती केली होती कीं, माझा पत्ता कोणासहि कळूं देऊं नये. कारण त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. तीन आठवड्यांनंतर एके संध्याकाळीं त्या आल्या आणि मोबाइल माझ्यापुढें धरला. त्यावर त्यांचें नांव, घराचा क्रमांक, सारें कांहीं होतें. त्या एवढेंच म्हणाल्या, “मास्तर, हें मला घरीं बसून दिसतें. मग आणखी कोणाकोणास दिसत असेल ?” मजपाशीं उत्तर नव्हतें. त्याच रात्रीं आम्हीं ती खिडकी बंद केली. सर्व्हरची नोंद चाळून पाहतां अनोळखी पत्त्यांवरून कित्येकजण डोकावून गेल्याचें दिसलें. पुढच्या महिन्यांत त्या बाई बिऱ्हाड हलवून गांव सोडून गेल्या. आमच्या चुकीमुळेंच गेल्या किंवा कसें, हें त्यांना विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

अशी चूक मोठमोठ्यांच्याहि हातून झालेली आहे. मोंगोडीबी नांवाच्या माहिती-कोठाराच्या जुन्या आवृत्त्या, निराळें न सांगितल्यास, सर्व पत्त्यांवर कान देत आणि परवलीचा शब्दहि मागत नसत. जानेवारी २०१७ मध्यें अशीं उघडीं राहिलेलीं हजारों कोठारें कोणी तरी पुसून टाकलीं आणि माहिती परत हवी असल्यास पैसे द्या, अशा चिठ्ठ्या तेथें ठेवल्या. त्याच वर्षाअखेर निघालेल्या ३.६ या आवृत्तीपासून तें कोठार आरंभीं केवळ माजघराच्या दारींच बसूं लागलें. घरांतील कॅमेरेहि याला अपवाद नाहींत. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातक प्रोग्रॅमनें २३ क्रमांकाच्या खिडकीशीं कान देऊन बसलेले कॅमेरे व राउटर, कारखान्यानें घातलेले परवलीचे शब्द वापरून, आपल्या ताब्यांत घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यामुळें अनेक नामांकित संकेतस्थळें कांहीं तास दिसेनाशीं झालीं होतीं.

म्हणून श्रोते हो, आपल्या घरीं कॅमेरा बसविणारा येवो किंवा कचेरींत सर्व्हर मांडणारा येवो, त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे. हें यंत्र कोणकोणत्या पत्त्यांवर कान देतें ? कोणत्या खिडक्या उघड्या आहेत ? आणि त्यांतील प्रत्येक खिडकी कोणासाठीं आहे ? तिसऱ्या प्रश्नास जिचें उत्तर मिळत नाहीं, ती खिडकी बंद करावयास सांगावें. ‘चालूं लागलें ना, मग झालें’ हें उत्तर स्वीकारूं नये. मीं तें स्वतःस दिलें होतें.

सांप्रत आमची यादी चौकाच्या पत्त्यावर ८० क्रमांकाच्या खिडकीशीं आहे आणि बाहेरची वाट बंद आहे. नोंदवही पुन्हां १२७.०.०.१ वर नेली असून तिला परवलीचा शब्दहि घातला आहे. ती पाहावयाची तर चिटणिसांना उठून त्या एकाच खुर्चीवर जाऊन बसावें लागतें. थोडी गैरसोय होते, पण त्याबद्दल अद्याप कोणीं तक्रार केलेली नाहीं.